प्राध्यापकांच्या नावापुढील अक्षरे कशी वाचावीत?

बारावीचा निकाल लागला की पेण व रोहा परिसरातील आमच्या कुटुंबांत एकच विषय चालतो. रविवारची मिस्सा आटोपल्यावर चर्चच्या आवारात पालक एकमेकांना विचारतात, मुलीला कोठे घालायचे? मग शुल्काची चौकशी होते, एसटीच्या वेळा पाहिल्या जातात, मुंबईस पाठवावयाचे झाल्यास वसतिगृहाचा किंवा नातेवाइकांचा प्रश्न निघतो. हे सर्व योग्यच आहे. परंतु महाविद्यालयाच्या माहितीपुस्तिकेत एक पान असते, ते बहुधा कोणी वाचीत नाही. त्या पानावर शिक्षकांची नावे असतात, नावापुढे एम.ए., एम.एस्सी., सेट, नेट, पीएच.डी. अशी अक्षरे असतात आणि शेवटच्या रकान्यात 'संशोधनाचे क्षेत्र' असा काही मजकूर असतो. आपली मुले तीन किंवा चार वर्षे ज्यांच्या हाताखाली राहणार, त्यांची ओळख या पानावर असते. ते पान कसे वाचावे, एवढेच या लेखात सांगण्याचा आमचा विचार आहे.

आधी अक्षरांविषयी. पदव्युत्तर पदवी म्हणजे एम.ए., एम.कॉम. किंवा एम.एस्सी.; ती असल्याशिवाय कला, वाणिज्य व विज्ञान शाखांत वरिष्ठ महाविद्यालयात शिकविता येत नाही. 'नेट' ही विद्यापीठ अनुदान आयोगाची राष्ट्रीय पात्रता परीक्षा १९८९ पासून घेतली जाते. 'सेट' ही राज्यस्तरीय परीक्षा महाराष्ट्र व गोवा या दोन राज्यांसाठी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेते. या परीक्षांवरून उमेदवाराचे विषयाचे वाचन पुरेसे आहे एवढे कळते. एम.फिल. ही मधली पदवी आयोगाने नोव्हेंबर २०२२ च्या नियमावलीने बंद केली. ज्यांनी ती आधी घेतली त्यांची मात्र ती कायम आहे. पीएच.डी.चे स्वरूप निराळे आहे. तिच्यासाठी किमान तीन वर्षे एका प्रश्नावर काम करावे लागते, प्रबंध लिहावा लागतो, तो बाहेरच्या किमान दोन परीक्षकांकडे जातो आणि शेवटी सर्वांसमक्ष तोंडी परीक्षा होते. जुलै २०२३ मध्ये आयोगाने नियम बदलून सहायक प्राध्यापक होण्यासाठी नेट किंवा सेट ही किमान अट ठरविली व पीएच.डी. ऐच्छिक केली. त्यामुळे एखाद्या तरुण शिक्षकाच्या नावामागे 'डॉ.' नसेल तर त्याची योग्यता कमी असे समजण्याचे कारण नाही. प्रोफेसर या पदासाठी मात्र ती पदवी लागतेच. आपल्याकडे महाविद्यालयात शिकविणाऱ्या प्रत्येकास 'प्राध्यापक' म्हणण्याची रीत आहे. ती गोड आहे, पण नियमानुसार सहायक प्राध्यापक, सहयोगी प्राध्यापक आणि प्राध्यापक या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत.

अक्षरांचे एवढे पुरे. ती कोणती परीक्षा झाली हे सांगतात. तो मनुष्य कोणता प्रश्न उराशी बाळगून आहे हे शेवटच्या रकान्यातून कळते आणि आमच्या मते विद्यार्थ्याच्या आयुष्यावर अधिक परिणाम त्या प्रश्नाचा होतो.

पेणचेच उदाहरण घ्या. पेणहून अलिबागच्या दिशेने निघाले की खाडीलगतचा खारेपाट लागतो. बांध घालून समुद्रापासून मिळविलेली ती भातजमीन. भरतीचे पाणी अडविण्यासाठी बांध आणि पावसाचे पाणी ओहोटीस सोडून देण्यासाठी उघाडी, अशी ती जुनी रचना आहे. बांधास खांड पडली की खारे पाणी शेतात शिरते आणि शेत काही वर्षे नापीक होते. बांध शाबूत असला तरी उन्हाळ्यात जमिनीखालचा क्षार वर चढतो आणि ढेकळांवर पांढरा थर दिसू लागतो. जून महिन्याच्या पावसाने तो धुतला गेल्यावरच लावणी होऊ शकते. हे आमच्या शेतकऱ्यांना कोणी शिकवावे लागत नाही. पण त्या क्षारात तग धरणारे भात कसे निवडावे हा प्रश्न ज्यांनी अभ्यासाचा विषय केला, ते विद्यापीठाचे शास्त्रज्ञ होते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे खारभूमी संशोधन केंद्र पनवेल येथे आहे. तेथून पनवेल-१, पनवेल-२ व पनवेल-३ या खारजमिनीसाठीच्या भाताच्या जाती निघाल्या. अशा केंद्रातील शास्त्रज्ञाच्या नावापुढे 'मृदाशास्त्र' किंवा 'वनस्पती प्रजनन' असे लिहिलेले असते. 'जमिनीची क्षारता' हे शब्द माहितीपुस्तिकेत कोरडे वाटतात. खारेपाटातील घरात ते वर्षाच्या तांदळाविषयी असतात. एखाद्या मुलास शेतीची आवड असेल आणि तो कृषी पदवीस जाणार असेल, तर तेथे कोणाचे संशोधन खारभूमीवर आहे हे त्याने प्रवेशाआधीच विचारावे.

रोह्याकडे वळताना एका थोर नावाचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येत नाही. ज्यांच्या नावाने आज रोह्यात महाविद्यालय आहे ते डॉ. चिंतामणराव द्वारकानाथ देशमुख. त्यांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी महाडजवळील नाते येथे झाला, घर रोह्याचे. १९१२ च्या मॅट्रिकच्या परीक्षेत ते पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांना मिळाली. पुढे केंब्रिजच्या जीझस कॉलेजात त्यांनी वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र व भूगर्भशास्त्र हे विषय घेऊन १९१७ साली पदवी संपादन केली. वनस्पतिशास्त्राचे फ्रँक स्मार्ट पारितोषिकही मिळविले. देश त्यांना ओळखतो तो मात्र रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि नंतरचे अर्थमंत्री म्हणून. १९५२ च्या निवडणुकीत ते आपल्याच, म्हणजे तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातून लोकसभेवर गेले आणि १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी मंत्रिपद सोडले. कालिदासाच्या मेघदूताचे त्यांनी मराठी पद्य रूपांतर केले आहे. पदवी वनस्पतींची, कर्तृत्व अर्थकारणाचे आणि प्रेम संस्कृतवर! आजच्या एखाद्या निवड समितीपुढे असा अर्ज गेला तर हा उमेदवार नेमका कोणत्या विषयाचा, असा प्रश्न तिला पडला असता.

याच देशमुखांनी १९५६ ते १९६१ या काळात विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्षपद भूषविले. नोव्हेंबर १९५६ मध्ये आयोगास कायद्याचे अधिष्ठान मिळाले, त्याच वेळचा हा काळ. पुढे १९६२ ते १९६७ ते दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू होते. देशात कोणी शिकवावे व कोणत्या पात्रतेवर शिकवावे हे ठरविणाऱ्या संस्थेच्या आरंभीच्या वर्षांत तिच्या प्रमुखपदी रोह्याचा मनुष्य होता, हे आमच्या तरुणांपैकी कितीजणांना ठाऊक आहे? शिक्षण एका विषयात व जिज्ञासा दुसऱ्या विषयात असणे हा दोष नव्हे, हे त्यांच्या चरित्रावरून सहज दिसते. प्राध्यापकांच्या यादीत असा कोणी आढळला तर त्याच्या वर्गात अवश्य बसावे.

आता मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाकडे येऊ, कारण पेण-रोह्याची अनेक मुले मुंबईस शिकावयास जातात आणि आपल्या ख्रिस्तसभेचा या विषयाशी असलेला संबंध तेथे अधिक स्पष्ट दिसतो. येशूसंघीय धर्मगुरू फादर एथेलबर्ट ब्लाटर हे मूळचे स्वित्झर्लंडचे. १९१९ ते १९२४ या काळात ते या महाविद्यालयाचे प्राचार्य होते. वनस्पतिशास्त्र हा त्यांचा विषय. ताडमाडाच्या जातींवर त्यांनी ग्रंथ लिहिला आणि मुंबई इलाख्यातील गवतांवर चार्ल्स मॅककॅन यांच्यासह केलेले त्यांचे काम त्यांच्या निधनानंतर, १९३५ साली, प्रसिद्ध झाले. वाळवून जतन केलेल्या वनस्पतींचा झेवियर्समधील संग्रह आजही त्यांच्या नावाने ओळखला जातो. पण येथे आम्हांस त्यांची आठवण होते ती एका विद्यार्थ्यामुळे. ब्रह्मदेशातून परतलेला एक तरुण सकाळी व्यापारी शिक्षण घेत होता, कारण पोटापाण्याचा प्रश्न होता. त्याचे मन पक्ष्यांत आहे हे फादर ब्लाटर यांनी ओळखले आणि त्याला प्राणिशास्त्राच्या अभ्यासास लावले. तो तरुण म्हणजे डॉ. सलीम अली.

सलीम अलींचा जन्मही १८९६ सालचाच. त्यांच्याकडे रीतसर विद्यापीठीय पदवी नव्हती आणि त्या कारणाने भारतीय प्राणिसर्वेक्षण विभागातील पक्षिशास्त्रज्ञाची जागा त्यांना मिळाली नाही. जर्मनीत प्राध्यापक एर्विन श्ट्रेझमान यांच्याकडे शिकून ते परतले तेव्हा मुंबईतील संग्रहालयातील त्यांची नोकरीही उरली नव्हती. मग ते अलिबागजवळच्या किहीम येथे येऊन राहिले. १९३० च्या पावसाळ्यात तेथे त्यांनी सुगरण पक्ष्यांचे दिवसेंदिवस निरीक्षण केले. नर अर्धे घरटे विणतो, मादी ते आतबाहेर पाहून पसंत करते, मग नर ते पुरे करतो आणि ती अंड्यांवर बसली की दुसऱ्या मादीसाठी दुसरे घरटे विणावयास घेतो, हे त्यांनी प्रथम नीट नोंदविले. सुगरणीचे घरटे आपल्या शेताच्या कडेच्या विहिरीवर आपणही लहानपणापासून पाहतो. पण पाहणे आणि रोज त्याच वेळी बसून वहीत नोंद करणे यांत अंतर आहे. संशोधन म्हणतात ते बहुतांशी या वहीलाच. पुढे शासनाने सलीम अलींना राष्ट्रीय प्राध्यापक केले. ज्याला पदवीअभावी नोकरी नाकारली त्याला!

झेवियर्सची ती परंपरा पुढे फादर हर्मेनेगिल्ड सांतापाव यांनी चालविली. स्पेनमध्ये १९०३ साली जन्मलेले हे येशूसंघीय १९४० पासून तेथे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. खंडाळ्याच्या वनस्पतींवरील त्यांचा ग्रंथ १९५३ साली निघाला. खोपोलीहून घाट चढला की जी झाडी सुरू होते तीच ही. १९६१ ते १९६७ ते भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे संचालक होते आणि १९६७ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्याच सर्वेक्षण संस्थेने रायगड जिल्ह्याच्या वनस्पतींवरील कोठारी व मूर्ती यांचा ग्रंथ १९९३ साली प्रसिद्ध केला. आपल्या जिल्ह्यातील शिक्षकांनी तो वर्गात दाखवावा अशा योग्यतेचा आहे.

इतिहासाच्या बाजूस फादर हेन्री हेरास यांचे नाव घ्यावे लागते. बार्सेलोनाचे हे धर्मगुरू १९२२ साली मुंबईस आले आणि १९२६ साली त्यांनी इतिहास संशोधन संस्था स्थापन केली, जी आज हेरास संस्था म्हणून ओळखली जाते. सिंधू संस्कृतीची लिपी द्राविडी भाषेची आहे असे त्यांचे प्रतिपादन होते. त्या लिपीचे सर्वमान्य वाचन आजही झालेले नाही. पण त्यांच्या हाताखाली जे घडले ते पाहा: गोमंतकीय कॅथोलिक इतिहासकार जॉर्ज मोरायस यांचा कदंब घराण्यावरील ग्रंथ १९३१ साली निघाला आणि पुढे भारतातील ख्रिस्ती धर्माचा इतिहास लिहिण्याचे कामही त्यांनीच अंगावर घेतले. गुरूचे उत्तर टिकले नाही तरी शिष्यास प्रश्न विचारण्याची सवय लागली. संत पोप जॉन पॉल दुसरे यांनी १५ ऑगस्ट १९९० रोजी कॅथोलिक विद्यापीठांविषयी जे प्रेषितीय संविधान काढले, त्यात सत्याचा शोध हे शिक्षक व विद्यार्थी यांचे एकत्रित कार्य मानले आहे. धर्मगुरूने गवत मोजावे काय, नाणी तपासावीत काय, असे कोणी विचारल्यास त्यास हेच उत्तर आहे.

या सर्वांहून आमच्या जवळचा एक विषय आहे आणि तो लिहिताना थोडी खंत वाटते. रोह्यावरून वाहणारी कुंडलिका नदी रेवदंडा व कोर्लई यांच्यामध्ये समुद्रास मिळते. कोर्लईच्या किल्ल्याच्या पायथ्याशी आपल्याच धर्मबंधूंची वस्ती आहे. १७४० साली पोर्तुगीजांनी चौलचा ताबा सोडला, पण या वस्तीतील बोलणे पोर्तुगीजापासून झालेलेच राहिले. ती माणसे आपल्या भाषेस 'नो लिंग', म्हणजे आमची भाषा, असे म्हणतात. बोलणारे हजाराच्या आसपास. शब्द पोर्तुगीज, पण वाक्याची बांधणी हळूहळू मराठीसारखी झाली: पोर्तुगीजमध्ये क्रियापद कर्माच्या आधी येते, कोर्लईत ते मराठीप्रमाणे वाक्याच्या शेवटी जाते. दोन भाषा शेजारी राहिल्या म्हणजे काय घडते याचा असा जिवंत पुरावा जगात फार थोड्या ठिकाणी मिळतो.

याचा अभ्यास कोणी केला? आरंभीच्या अभ्यासकांत एक धर्मगुरूच होते. गोव्यातील आसगाव येथे १८५५ साली जन्मलेले मॉन्सिनियर सेबास्तियांव रोदोल्फो दालगादो यांचे उच्च शिक्षण रोम येथे धर्मविधीच्या व रोमन कायद्याचे. नंतर लिस्बन येथे ते संस्कृतचे अध्यापक झाले. उत्तरेकडील, म्हणजे मुंबई, वसई व चौल भागातील पोर्तुगीज बोलीवर त्यांनी १९०६ साली लेख प्रसिद्ध केला. त्यानंतर मोठे काम केले ते अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठाचे प्राध्यापक जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी. त्यांचा कोर्लईच्या भाषेवरील ग्रंथ १९९६ साली निघाला. त्यांच्या परिचयात 'संपर्कजन्य भाषा' असे संशोधनाचे क्षेत्र लिहिलेले दिसले तर पालकांस ते काहीतरी परदेशी प्रकरण वाटेल. ते प्रकरण रोह्याच्या नदीच्या मुखाशी आहे. मुले मराठी शाळेत जातात, नोकरीसाठी मुंबईस येतात आणि घरातील बोलणे बदलत जाते. जी आजी आज मुलांना त्या भाषेत हाक मारते तिच्यानंतर काय, हा प्रश्न परक्या देशातील विद्यापीठाने विचारला. तो विचारण्यासाठी आपल्या धर्मग्रामांतून एखादा मुलगा किंवा मुलगी भाषाशास्त्राकडे वळावी असे आम्हांस मनापासून वाटते. ज्याला मराठी घरात मिळाली आहे आणि कोर्लईत ज्याचे नातेवाईक आहेत, त्याला हे काम कोणाही परदेशी अभ्यासकापेक्षा सोपे जाईल.

आता व्यवहाराच्या दोन गोष्टी. पहिली, 'डॉ.' या अक्षराची खातरजमा करता येते. आयोगाच्या नियमानुसार विद्यापीठांनी पीएच.डी.चे प्रबंध संगणकीय स्वरूपातही जमा करावयाचे आहेत. 'शोधगंगा' नावाच्या संग्रहात असे लाखो प्रबंध कोणासही विनामूल्य पाहता येतात. प्राध्यापकाचे किंवा मार्गदर्शकाचे नाव घालून शोधल्यास प्रबंधाचा विषय, विद्यापीठ आणि वर्ष बहुधा सापडते. जुने प्रबंध तेथे नसतात, म्हणून नाव न आढळल्यास लगेच शंका घेऊ नये. मात्र पैसे भरून मिळणाऱ्या 'मानद डॉक्टरेट'चा सध्या सुळसुळाट झाला आहे. मान्यताप्राप्त विद्यापीठ मानद पदवी देते ती सन्मानार्थ, आणि ती संशोधनाची पदवी नव्हे. बनावट विद्यापीठांची यादी आयोग स्वतः प्रसिद्ध करतो, तीही पाहावी.

दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. यादीतील किती शिक्षक कायम आहेत आणि किती तासिका तत्त्वावर आहेत, हे विचारावे. महाराष्ट्रात नेट, सेट, पीएच.डी. सर्व काही असलेले अनेक तरुण वर्षानुवर्षे तासाच्या मानधनावर शिकवीत आहेत. दोन महाविद्यालयांत तास घेऊन एसटीने परतणाऱ्या शिक्षकास संशोधनाचा रकाना भरावयास वेळ कोठून मिळणार? अशा शिक्षकाचा रकाना रिकामा दिसला तर दोष त्याला देऊ नये. संस्थाचालकांस मात्र पालकांनी प्रश्न विचारावा; पालक सहसा विचारीत नाहीत, म्हणून तो टळतो.

आणि मुलांनी काय करावे? प्रवेश झाल्यावर पहिल्या महिन्यात एखाद्या प्राध्यापकास तास संपल्यावर गाठून नम्रपणे विचारावे, सर किंवा मॅडम, आपण सध्या कशाचा अभ्यास करीत आहात? बहुतेकांना हा प्रश्न कोणी विचारलेलाच नसतो. उत्तर मिळण्यास अर्धा तास लागला तरी हरकत नाही, फक्त परतीच्या शेवटच्या एसटीची वेळ आधी पाहून ठेवावी.